प्रीनप राहू दे, आधी तो फॉर्म भरा

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, प्रीनप करून द्याल का?" प्रीनप म्हणजे पैसा-मालमत्ता कोणाची किती, हे लग्नाआधीच ठरवून ठेवणारा करार. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, करून दिला तर फी मिळेल, माझं काय जातंय? पण महाराष्ट्रात पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर केलेल्या असल्या कराराच्या भरवशावर मी कोणालाही बोहल्यावर चढू देणार नाही. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आणि सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही. कोर्टं लग्नाआधीच्या करारांकडे बहुतेक त्याच नजरेने बघत आली आहेत.

गोव्याचं वेगळं. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे. लग्नाआधी रीतसर नोंदणी करून करार केलात तर तो चालतो, लग्नानंतर मात्र बदलता येत नाही. काहीच केलं नाही तर दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि निम्मी निम्मी धरली जाते. नवऱ्याला फ्लॅट विकायचा असेल तर बायकोची सही लागते. पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे, आपल्याकडे, हिशेब सरळ आहे: कागदावर ज्याचं नाव, मालमत्ता त्याची. स्त्रीधन तेवढं बाईचं, पण ते घरातून बाहेर काढताना काय होतं ते मला विचारू नका.

या एका नियमाने किती बायका फसलेल्या बघते! फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून. तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, कामवाल्या मावशींचे पैसे, सासऱ्यांची औषधं, दिवाळीचे कपडे. दोघांचा खर्च सारखाच, कदाचित तिचा जास्तच. बारा-पंधरा वर्षांनी वेगळं व्हायची वेळ येते तेव्हा त्याच्याकडे घर असतं आणि तिच्याकडे खाऊन संपलेला किराणा. यात फसवणूक कोणी केलेली नसते. "तू घर बघ, मी हप्ता बघतो," एवढंच एका संध्याकाळी ठरलेलं असतं, आणि ते दोघांनाही सोयीचं वाटलेलं असतं. खरेदीखतावर दोघांची नावं आणि कोणाचा हिस्सा किती एवढं लिहिलं असतं, तर माझं निम्मं काम कमी झालं असतं.

म्हणून हल्ली मी प्रीनप मागणाऱ्या जोडप्याला एक फॉर्म देते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं पोटगीचं एक प्रकरण, रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालात कोर्टाने सांगितलं की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. नमुनाही निकालाला जोडून दिला, तोच हा फॉर्म. पगार किती, घरात अवलंबून कोण, वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा किती, एफडी, शेअर, पीपीएफ, दागिने, गाडी. कर्जाच्या रकान्यात तर कधी घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ रक्कम किती आणि फेडलं किती, हे सगळं.

म्हणजे गंमत बघा. नवरा-बायको एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात, तेव्हा सरकारी कागदावर शपथेवर हे सगळं सांगतात. अनेकांना जोडीदाराचा पगार नेमका किती ते त्या दिवशी कळतं. गोडीत असताना तोच कागद भरायला काय हरकत आहे?

"पैशाचं असं लिहून घेणं आपल्यात बसत नाही," असं मुलीच्या आईने मला ऐकवलंय. आपल्यात? आपल्याकडे सुपारी फुटते तेव्हा समोर याद्याच असतात. कार्यालय कोणाकडे, जेवणावळ कोणाकडे, वरमाईची पैठणी, करवलीचा मान, किती माणसं येणार, सगळं लिहून खाली दोन्हीकडच्या मोठ्यांच्या सह्या. एका दिवसाच्या जेवणाचं लेखी ठरवतो आणि वीस वर्षांच्या गृहकर्जाबद्दल बोलायला लाजतो. त्या यादीवर नवरा-नवरीची सही नसते, हेही लक्षात घ्या.

माझ्या भाचीचं यंदा ठरलं. "मावशी, आम्हालाही दे तो फॉर्म," म्हणून दोघं माझ्याच डायनिंग टेबलवर बसले. मुलगा हुशार, त्याने पगार, एसआयपी, गाडीचं कर्ज भराभर भरलं. देण्यांच्या रकान्याच्या शेवटी पेन थांबलं. "मावशी, बाबांच्या दुकानाच्या लोनला मी जामीन आहे. ते यात येतं का?" येतं तर! जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, बँक थेट त्याच्या दारात येऊ शकते. त्याला ते कर्ज आपलं वाटतच नव्हतं, त्यामुळे त्याने लपवलं असं मी म्हणणार नाही. भाचीने तिच्या बाजूला लिहिलं, आईला दरमहा पंधरा हजार, लग्नानंतरही. ते वाचून तो क्षणभर गप्प बसला. मग दोघांनी तासभर वाद घातला, मी मध्ये पडले नाही, चहा तेवढा दोनदा केला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, मूर्तिजापूरला मुलाचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, कमी निघाला म्हणून ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी आली होती. लोक खूप हसले. मुलीच्या मामाने तो स्कोअर बघायला मागितला यात मला काही हसण्यासारखं दिसत नाही. फक्त आकडा बघून माणूस कळत नाही. हप्ते आईच्या ऑपरेशनच्या कर्जाचे थकले की क्रेडिट कार्डावर घेतलेल्या आयफोनचे, हे स्कोअर सांगत नाही. वरच्या फॉर्ममधला "कशासाठी" हा रकाना मला म्हणूनच फार आवडतो.

एक गोष्ट फॉर्ममध्ये नाही, ती मुलींच्या आईवडिलांसाठी. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. सासरने घराबाहेर काढलेल्या बाईची कमाईसुद्धा अशी सासरकडे गेल्याचा २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तेव्हा पगार सुरू झाला की मुलीने मृत्युपत्र करावं, लग्न ठरलेलं असो वा नसो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर चालतं. पीएफचं नामांकनही लग्नानंतर नव्याने भरा, जुन्यावर विसंबू नका.

कोणाला तो नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. त्याचे पैसे नाहीत. मुलाकडे शेती असेल तर तसं आधी कळवा, शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन ओलिताची की कोरडवाहू इथपासून कोंबड्यांच्या उत्पन्नापर्यंत सगळं विचारलंय.