फाइल कुठे अडलीय?

रविवारी सकाळी फडके रोडच्या कट्ट्यावर नितीन मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. भाऊ-वहिनी एडिसनला, त्यामुळे आईबाबांच्या अमेरिकन व्हिसाचे फॉर्म डोंबिवलीत भरायचं काम याच्या गळ्यात.

"हा ओएमबी नंबर काय असतो रे?"

व्हाइट हाउसचं बजेट ऑफिस, मी म्हटलं. ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट. तिथल्या कुठल्याही केंद्रीय खात्याला लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचा असेल, तर १९८० च्या कायद्याप्रमाणे आधी यांची मंजुरी लागते. हा नंबर त्या मंजुरीची खूण. नंबर नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही.

"बजेटवाल्यांना फॉर्मशी काय करायचंय?" राजू.

"बजेटवाल्यांना सगळ्याशीच करायचं असतं." बापटकाका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. "खर्चाचा कुठलाही जीआर उघड आणि शेवटी बघ. 'वित्त विभागाच्या सहमतीने, अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक.' ती ओळ येईपर्यंत मंत्र्याने सभेत काहीही जाहीर करावं."

(त्याला 'अनौपचारिक' हे नाव ज्याने दिलं त्याला माझा नमस्कार. त्याच्याइतकं औपचारिक मंत्रालयात दुसरं काही नसेल.)

मी म्हटलं, काका, तिकडे प्रकरण पैशांच्याही पुढे गेलंय. रेगनने १९८१ मध्ये आदेश काढला, की मोठा नियम करायचा तर आधी ओएमबीला दाखवा आणि फायद्या-तोट्याचा हिशेब जोडा. क्लिंटनने १९९३ मध्ये नवा आदेश काढला, पण दरवाजा तोच ठेवला. ओएमबीतल्या या तपासणी शाखेला ओआयरा म्हणतात. धूर किती सोडायचा इथपासून व्हिसापर्यंत सगळं तिथून जातं. २०११ मध्ये पर्यावरण खात्याला हवेतल्या ओझोनची मर्यादा कडक करायची होती. खातंही ओबामाचं, ओआयराही ओबामाचीच, तरी मसुदा पत्र लावून परत आला.

"आमच्या वहिनीचं तेच झालं होतं ना?" नितीनने आता मान वर केली. "म्हणजे उलटं."

वहिनी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या ठरावीक जोडीदारांना २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली, तेव्हा तिने नोकरी धरली. पुढे ट्रम्प सरकारने ती परवानगी काढून घ्यायचा प्रस्ताव केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ओएमबीकडे गेला. तपासणी ९० दिवसांत आटपायची असा दंडक. प्रस्ताव तिथे जवळजवळ दोन वर्षं राहिला. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन आले आणि तो मागे घेतला गेला. दरम्यान वहिनी रोज ऑफिसला जात होती आणि रोज रात्री 'फाइल कुठे आहे' ते बघत होती.

"बघ! कोणी नाही म्हटलं नाही, कोणी हो म्हटलं नाही," राजू उसळला. "निवडून न आलेली माणसं फाइल दाबून देश चालवतात."

"दाबली कशावरून?" शुभांगी सीए आहे, शब्द मोजून वापरते. "आणि त्या ऑफिसचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट, म्हणजे तिथलं वरचं सभागृह, मंजुरी देतं. तो राष्ट्राध्यक्षाचाच हात आहे."

"मग हात काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दिलेल्या पैशांवर कसा पडतो?"

इथे राजू बरोबर होता आणि मला ते कबूल करावं लागलं. काँग्रेसने मंजूर केलेला पैसाही खात्याला एकदम मिळत नाही, ओएमबी तो हप्त्याहप्त्याने सोडते. निक्सनने पैसे अडवून ठेवले म्हणून १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. तरी २०१९ च्या उन्हाळ्यात युक्रेनची २१.४ कोटी डॉलरची लष्करी मदत थांबली, आणि तीही कशाने? वाटपाच्या कागदावरच्या तळटीपांनी! काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी २०२० मध्ये तो कायदेभंग ठरवला, तोवर पैसे सुटलेही होते.

"तळटीप," बापटकाका चहा संपवत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दाद होती. "आमच्याकडे ४ मे २०२० चा जीआर आठवतो? मार्चमध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं बजेट, आणि करोनात वित्त विभागाने सांगितलं, ३३ टक्केच मिळणार. नवी भरतीही बंद. तिजोरीत नव्हतेच रे. तिथे बसणाऱ्याला वाईटपणा घ्यावाच लागतो."

"वाईटपणा घ्या, पण कारण लिहून द्या," शुभांगी म्हणाली. "ओझोनच्या वेळी निदान पत्र तरी होतं. वहिनीच्या वेळी काय होतं?"

काका यावर काही बोलले नाहीत. राजूने आणखी चार कटिंग सांगितले.

नितीन पुन्हा मोबाइलमध्ये. फॉर्म भरायला दीड तास लागतो असं त्यावरच छापलंय आणि तोही अंदाज ओएमबीपुढे मांडलेला असतो. बाबांना जुन्या पासपोर्टची तारीख आठवेना, त्यामुळे नितीनचा हा तिसरा रविवार.