फेट्यातला 'सुलतान' खरा नव्हे

पांढुरक्या रेशमी फेट्यातल्या एका भारदस्त माणसाचं डच चित्रकार रेम्ब्रांनं केलेलं चित्र सध्या फिरतंय. सोबत मजकूर: 'तुर्की सुलतानानं ॲमस्टरडॅमला जाऊन काढून घेतलेलं व्यक्तिचित्र'. हे खरं नाही.

चित्र १६३२ चं आहे, आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्या साली तुर्की तख्तावर सुलतान चौथा मुराद होता, वय जेमतेम वीस. चित्रातला गृहस्थ थोराड, पोक्त. तेवढं पाहिलं तरी पुरे होतं! शिवाय मुराद कधी ॲमस्टरडॅमला गेलाच नव्हता.

मुळात हे कुणा ठरावीक माणसाचं व्यक्तिचित्र नाहीच. डच चित्रकार मॉडेलला वेगळे कपडे चढवून नुसता चेहरा, भाव आणि कापडाची झळाळी रंगवत. अशा चित्राला ते 'ट्रोनी' म्हणत. इथे बघा ना, अर्धा चेहरा सावलीत आहे आणि उजेड फेट्याच्या घड्यांवर सांडलाय. पैसे मोजून स्वतःचं चित्र काढून घेणाऱ्या सुलतानाला हे चाललं असतं का?

आणखी एक पुस्ती दिसली: 'रेम्ब्रां मुघल दरबारात राहिला होता.' तो नेदरलँड्सबाहेर गेल्याची नोंद नाही. मात्र १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्यानं मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली. त्यातली तेवीसेक उरली आहेत, काहींत जहांगीर आणि शाहजहान आहेत. कागदही आशियाई. म्हणजे दरबारच चित्रांच्या रूपानं त्याच्या घरी आला होता.