हँक विल्यम्स यांची गाणी कोणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कंट्री संगीताचे गायक-गीतकार हँक विल्यम्स यांच्यावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: त्यांची गाणी खरे तर त्यांचे संगीत-प्रकाशक फ्रेड रोज यांनी लिहिली, त्यांचे संगीत एका कृष्णवर्णीय कलावंताकडून आले आणि त्याचे श्रेय मी दिले नाही, आणि दारूपायी आयुष्याची नासाडी केलेल्या माणसाचा गौरव करू नये.

पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. रोज मुरलेले गीतकार होते आणि हँक यांच्या ओळींवरून त्यांचा हात फिरत असे, हे खरे. पण २३ सप्टेंबर १९५२ रोजी नॅशव्हिलमध्ये झालेले हँक यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण पाहा. त्या दिवशी चार गाणी झाली. ‘टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट’ रोज आणि हाय हीथ यांचे, ‘कॉ-लायजा’ हँक आणि रोज या दोघांच्या नावावर, तर ‘युअर चीटिन हार्ट’ धरून उरलेली दोन एकट्या हँक यांची. जिथे आपला वाटा मोठा आहे तिथे जो स्वतःचे नाव लावतो, त्याने बाकीची गाणी मुकाट्याने दुसऱ्याच्या नावावर केली असतील, हे मला पटत नाही.

शिवाय १९४९ चे ‘आय एम सो लोनसम आय कुड क्राय’ पुन्हा ऐकावे. चार कडवी, धृपद नाही, तीन मात्रांचा संथ ठेका. आधी रातव्याची, म्हणजे रात्री ओरडणाऱ्या पक्ष्याची, हाक येते, मग मध्यरात्रीची आगगाडी, ढगाआड जाणारा चंद्र. आणि ज्या व्यक्तीसाठी हा सारा जीव तुटतो आहे, तिचा उल्लेख थेट शेवटच्या कडव्यात, तारा निखळल्यानंतर होतो. इतका संयम मला फार थोड्या गीतकारांत आढळला आहे.

दारूचे समर्थन मी करणार नाही. हँक यांच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता, वेदना असह्य होत्या. तरीही घरच्यांनी जे सोसले ते सोसलेच. ऑगस्ट १९५२ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना काढून टाकले. १ जानेवारी १९५३ रोजी, ओहायोतील कँटनच्या कार्यक्रमाला जाताना, मोटारीच्या मागच्या आसनावर त्यांचे निधन झाले. वय २९. पाचच दिवसांनी जन्मलेल्या त्यांच्या मुलीला, जेट यांना, वारसाहक्कासाठी पुढे न्यायालयात जावे लागले.

दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे आणि चूक माझी आहे. अलाबामाच्या रस्त्यांवर गाणारे रूफस पेन, ज्यांना लोक ‘टी-टॉट’ म्हणत, यांनी हँक या पोराला गिटार शिकवली, ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीताचा, ठेका दिला, आणि हँक यांनी पुढे त्यांचे ऋण उघडपणे सांगितले. पेन १९३९ मध्ये माँटगोमेरीत वारले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही, म्हणून तर त्यांचे नाव लेखात असायलाच हवे होते. त्यांच्याविषयीचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे.