पीएचडीचा पैसा ही खिरापत नव्हे

साताऱ्याच्या आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी परवा पुन्हा तोच मेसेज टाकला: सरकारी शिष्यवृत्तीवर पोरं परदेशात पीएचडीला जातात आणि तिकडेच राहतात, मग आपल्या कराचा पैसा त्यांच्यावर कशाला? डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीच, पीएचडी करून हे काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. तोच सूर आता घराघरात ऐकू येतो. इथे बर्लिनमध्ये पीएचडी करताना तो वाचला की माझं डोकं फिरतं.

मामा, खिरापत कुठे वाटतात? परदेशी शिक्षणासाठी केंद्र मुख्यतः अनुसूचित जातींच्या मुलांना देतं त्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या जागा सगळ्या देशात मिळून 125. किमान 60 टक्के गुण हवेत, वय 35 च्या आत हवं, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये हवं. त्यावर 2022 साली आणखी एक अट घातली: भारताची संस्कृती, इतिहास, समाज असले विषय चालणार नाहीत. म्हणजे दलित मुलीला बाहेर जाऊन जातीवरच संशोधन करायचं असेल, तर तिने घरी बसायचं. सयाजीरावांनी 1913 मध्ये महिना साडेअकरा पौंड देऊन बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं. तिथे त्यांनी 1916 साली वाचलेला निबंध जातिसंस्थेवरच होता! आजच्या नियमात तो विषय बसला नसता.

इथे जर्मनीत पीएचडीसाठी आधी प्राध्यापकाने हो म्हणावं लागतं, बापाचं उत्पन्न कोणी विचारत नाही. डाडची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना पैसे देणाऱ्या जर्मन संस्थेची, शिष्यवृत्ती मला मिळण्यासारखी नव्हती. अर्जाच्या वेळी जर्मनीत 15 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं त्यांना चालत नाही आणि माझं मास्टर्स इथलंच. मला मिळाली ती विद्यापीठातली नोकरी: टीव्ही-एल 13 ही सरकारी वेतनश्रेणी, 65 टक्के वेळ. पगाराच्या चिठ्ठीवर पेन्शन, आजारपण, बेकारी, सगळ्यांची कपात छापून येते. संशोधन हे काम आहे आणि कामाचा पगार द्यायचा असतो, एवढं इथे गृहीत धरलेलं आहे. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'वर पिढ्या शिकल्या त्या साताऱ्यातल्या माणसाला हे मी समजावून सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

ऊ3 मेट्रोने बर्लिनच्या डालेम भागात उतरलं की इनेस्ट्रासेवर 22 नंबरची इमारत लागते. 1928 मध्ये इरावती कर्वे बर्लिनला आल्या तेव्हा मानववंशशास्त्राची संस्था इथे होती. घरून सासरे महर्षी कर्व्यांचा विरोध, पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतलेले. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता, आणि बाईंनी कवट्या मोजून त्याच्याच गृहीतकाला आधार मिळत नसल्याचं लिहिलं. मग 1930 मध्ये परत गेल्या आणि पुण्यात संसार, संशोधन, शिकवणं सगळं उभं केलं. बाई परतल्या, मग तुम्ही का नाही, असं मामा म्हणतील. परतून काय करू? तासिका तत्त्वावर कॉलेजं फिरू? वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या प्राध्यापकांच्या जागांबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही.

इथे तरी माझं काय पक्कं आहे? करार संपला की व्हिसाचा प्रश्न. डॉक्टरेटआधी असे करार कायद्याने सहा वर्षांपलीकडे जात नाहीत. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवताना कोणी विचारलं की पुढे काय, तर मी विषय बदलते. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांच्या जाहिराती मात्र मी अजून नेमाने बघते. आई विचारते, अर्ज केलास का? तिला काय उत्तर द्यावं कळत नाही.

'तिकडेच राहणारे' यात मी येते का, हे मामांनी मला कधी थेट विचारलं नाही. माझा प्रबंध माण तालुक्यातल्या चारा छावण्यांवर आहे. दावणीला बांधलेल्या जनावरांजवळ बसून बायका पाण्याच्या टँकरचा, पेंडीचा, राहिलेल्या शाळेचा हिशोब सांगतात, तो मी लिहून घेते. म्हसवडच्या दुष्काळावरच्या या कामाचा पैसा जर्मनीचे करदाते देतात. याची मला लाज वाटते, मामा. ती तुम्हालाही वाटायला हवी.