गुडघा दुखतोय हे तेव्हाच सांगा की!

सुट्टीवर सोलापूरला आलोय. काल सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बाबा मित्राला सांगत होते, "लंडनला पोरानं चालवून चालवून गुडघे मोडले." मी शेजारीच उभा!

अहो बाबा, तेव्हा बोलला असता तर? तीनदा आलात, तीनदा हेच. टॅक्सी करू का म्हटलं की आई म्हणणार, "कशाला, चालू की." कारण तुम्ही मनात पौंडाला शंभरनं गुणून मोकळे. टॉवर ब्रिजवर चढायचं तिकीट काढतो म्हटलं, तर "१८९४ चा पूल ना? खालून दिसतोय की." कॉफी एक, तिघांत. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, म्हणून तिथं मात्र अख्खा दिवस! बाहेर पायऱ्यांवर आईनं पिशवीतनं कडक भाकरी, शेंगाचटणी काढली आणि पदराआड गुडघा चोळत बसली. विचारलं तर, "काही नाही रे, मुंग्या आल्यात." ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, कितीतरी स्टेशनांना लिफ्ट नाही, ते जिनेही ती तशीच चढली.

वर्षभर पैसे साठवतो मी, ते तुमच्यावरच खर्चायला. मग खर्चू द्या ना!