चिनी साडेसाती

माझी रास वृश्चिक. २०२० च्या जानेवारीत शनिमहाराज मकरेत गेले आणि माझी साडेसाती सुटली. पुढच्या अडीच महिन्यांत सगळं जगच घरात कोंडलं गेलं, त्यामुळे सुटकेचा आनंद साजरा करायचा राहून गेला. तरी पत्रिकेपुरता मी मोकळा होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत शेजारच्या आंटींनी माझं जन्मसाल विचारलं आणि तेही सुख संपलं.

सिंगापूरला आमच्याच मजल्यावर या आंटी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, भाषा होक्केन, आणि लिफ्टपर्यंत जाताना तीन घरांची चौकशी करायची सवय. दिवाळीला आमच्याकडून त्यांना चकल्या जातात, चिनी नववर्षाला त्यांच्याकडून दोन संत्री येतात. संत्री नेहमी जोडीनं द्यायची, एकटं संत्रं द्यायचं नाही. ती जोडी माझ्या हातात ठेवता ठेवता त्यांनी साल विचारलं.

"एटी-टू? आय्या! म्हणजे तू कुत्रा."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. बायको कान देऊन ऐकत होती.

आंटींनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. बारा प्राण्यांच्या चक्रात १९८२ हे कुत्र्याचं साल. येणारं साल ड्रॅगनचं, आणि ड्रॅगन चक्रात बरोबर कुत्र्यासमोर बसतो. प्रत्येक सालाचा एक अधिपती असतो, त्याला ताय सुई म्हणतात. असे एकूण साठ ताय सुई पाळीपाळीनं कारभार बघतात. साठ म्हटल्यावर मला प्रभव, विभवपासूनची आपली साठ संवत्सरं आठवली आणि उगीचच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पण आपली संवत्सरं बिचारी पंचांगात पडून असतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. ताय सुईशी ज्याचं साल भिडलं त्याचं मात्र वर्षभर काही खरं नाही.

"पण होईल. कॅन," आंटी म्हणाल्या. "उद्या रात्री माझ्याबरोबर देवळात चल. गर्दी असते. झेपेल ना?"

गर्दी! आषाढीला पंढरपुरात आणि गणपतीत लालबागला उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रश्न! मी नुसता हसलो. हे हसणं पुढं माझ्यावर उलटणार होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नऊ फेब्रुवारीला, रात्री मी ठेवणीतला कुर्ता घालून बाहेर आलो. आंटींनी मला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. कुर्ता नुकताच संक्रांतीला घेतलेला, काळा कुळकुळीत. चिनी नववर्षाला काळं म्हणजे सुतक. मला परत घरात पिटाळण्यात आलं. लाल म्हणून घरात एकच वस्तू सापडली: ऑफिसच्या क्रीडादिनाचा टीशर्ट. त्याच्या पाठीवर पिवळ्या ठळक इंग्रजी अक्षरांत 'व्हॉलंटियर' लिहिलंय, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

वॉटर्लू स्ट्रीटवरचं क्वान इम देऊळ १८८४ सालचं. सध्याची इमारत १९८२ मध्ये नव्यानं बांधलेली, म्हणजे माझ्याच वयाची, पण तब्येत माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. क्वान इम म्हणजे जगाचा आक्रोश ऐकणारी करुणेची देवी. मुळात हे आपले अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तो पद्मपाणी हाच. आपल्याकडून बोधिसत्त्व म्हणून गेला आणि तिकडे काही शतकांत देवी झाला. आपल्याकडची मुलं परदेशात बदलतात ही तक्रार तशी जुनीच आहे.

शेजारीच श्रीकृष्णाचं देऊळ आहे, १८७० सालचं. त्याच्याही दारात उदबत्त्या खोचायचं भांडं ठेवलेलं असतं आणि चिनी भाविक जाता-येता कृष्णालाही उदबत्ती लावून जातात. आंटींनीही लावली. मी नुसताच हात जोडून पुढं निघालो, तर त्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं आणि आधी देवाला नाव सांग, मग पत्ता सांग, म्हणून दरडावलं. माझ्याच कृष्णापुढं मी सिंगापूरचा पिनकोड म्हणून दाखवला.

चिनी हिशेबानं नवा दिवस रात्री अकराला सुरू होतो, मध्यरात्रीची वाट बघत नाही. त्या मुहूर्तावर पहिली उदबत्ती ज्याची लागेल त्याचं वर्ष सोन्याचं. त्यामुळे अकराच्या आधीच तिथं जो समुदाय जमला होता त्यात मला लालबाग, पंढरपूर सगळं दिसलं. फरक एवढाच की या गर्दीतल्या प्रत्येकाच्या हातात पेटवलेलं काहीतरी होतं. दुसऱ्याला चटका बसू नये म्हणून सगळे उदबत्त्या डोक्याच्या वर धरतात. दिसायला ते वारीतल्या पताकांसारखं सुंदर दिसतं. फक्त पताकांची राख पडत नाही. माझ्या टकलावर पडत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि माझी भक्ती बघून आंटी खूश झाल्या होत्या.

त्यात टीशर्टनं काम सुरू केलं. एका आजींनी मला स्वच्छतागृह विचारलं. एकानं फुलांची जुडी माझ्या हातात दिली आणि निघून गेला. एका तरुण जोडप्यानं रांग कुठून सुरू होते विचारलं. मी आपला मान वेळावून आत बोट दाखवलं, तर माझ्या बोटाच्या दिशेनं वीसेक माणसं वळली. खरी रांग दुसरीकडे होती.

आत गेल्यावर मात्र मला माहेरी आल्यासारखं झालं, कारण तिथं चक्क कौल लावतात! आमच्या गावी गुरव देवाला पाकळ्या लावतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. इथं बांबूच्या डब्यात शंभर काड्या असतात. गुडघ्यांवर बसायचं, देवीला नाव-गाव-जन्मतारीख सांगून एकच प्रश्न विचारायचा, आणि एक काडी बाहेर पडेपर्यंत डबा खुळखुळवायचा. मग ती काडी देवीला मंजूर आहे की नाही हे विचारायला अर्धचंद्रासारखे दोन लाल ठोकळे खाली टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देवी हसली.

ताय सुई मी विसरूनच गेलो. कौल दिसल्यावर कोकणी माणसाला एकच गोष्ट आठवते. आजोबांच्या घराची पडवी आणि दोन कलमं यांवरून चुलतभावाशी चाललेला दावा! इंग्रजीत हे विचारणं शक्य नव्हतं. मी डोळे मिटले आणि गावच्या पद्धतीनं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" मागून खणखणीत आवाज आला.

अंगावर काटा आला. वळून पाहतो तो खांद्याला कॅमेरा लटकवलेले एक गृहस्थ. कणकवलीचे, सहलीला आलेले. माझी पाठ वाचून म्हणाले, "तुमी हयले सेवेकरी काय?"

त्यांना कसंबसं वाटेला लावलं आणि ठोकळे टाकले. देवी हसली. प्रश्न बदलला, निदान पडवी तरी मिळेल का? काडी, ठोकळे. देवी हसली. निकाल माझ्या हयातीत लागेल का? देवी पुन्हा हसली. आमच्या गावचा देव फार तर गप्प राहतो, तोंडावर हसत नाही हो! एव्हाना आजूबाजूचे चार लोक आपले डबे थांबवून माझ्या ठोकळ्यांकडे बघायला लागले होते.

"तू विचारतोयस तरी काय?" आंटींनी कुजबुजून विचारलं. "उत्तर तुला माहीत असलं की ती हसते."

चौथ्यांदा मी मुकाट्यानं विचारलं, या केसचं करू काय? एक सपाट, एक फुगीर. चौघांपैकी एकानं टाळी वाजवली. मी काडीवरचा नंबर घेऊन खिडकीशी गेलो, चिठ्ठी मिळाली. त्या चिठ्ठीत प्रवास, लग्न, आजार, हरवलेल्या वस्तू असे रकानेच असतात. कोर्टकचेरीचा रकाना होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: तडजोड करावी.

सिंगापुरात रात्रीचे साडेअकरा, म्हणजे गावी नऊ. राखेनं माखलेल्या अवस्थेत, रस्त्याकडेला उभं राहून मी चिठ्ठीचा फोटो चुलतभावाला पाठवला. खाली मराठीत अर्थ लिहिला, देवी फार जागृत आहे हेही लिहिलं. दोन निळ्या रेघा आल्या. बराच वेळ तो लिहीत होता, थांबत होता, परत लिहीत होता. माझे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी धुराशिवाय.

मग उत्तर आलं: "देवी सांगता ता अगदी बरोबर. कर तू तडजोड."