नेब्रास्काचा सिनेमाशी संबंध जन्मदाखल्यापुरता नाही

‘अमेरिकेतले नेब्रास्का राज्य म्हणजे मका आणि गुरेढोरे, काही नट तिथे जन्मले खरे, पण त्यांना घडवले हॉलीवूडने, त्या राज्यात ना चित्रीकरण झाले, ना चित्रपटाचा धंदा’ असे एक विधान सध्या बरेच पसरले आहे.

जन्माच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात जन्मले, पण लहानपणीच न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या नृत्याचे श्रेय ओमाहाला देणे ओढूनताणून होईल. अभिनेते हेन्री फोंडा यांना मात्र हे लागू पडत नाही. ते ओमाहातच वाढले आणि 1925 साली तिथल्या कम्युनिटी प्लेहाऊस या हौशी रंगमंचावर प्रथम उभे राहिले, तेही पुढे गाजलेले अभिनेते मार्लन ब्रँडो यांच्या आई डोरोथी यांच्या आग्रहामुळे.

चित्रीकरण झालेच नाही, हे तर सरळ चूक आहे. ‘बॉइज टाउन’चे (1938) काही चित्रीकरण ओमाहाजवळच्या त्याच नावाच्या बालकाश्रमात झाले आणि त्यातील भूमिकेसाठी स्पेन्सर ट्रेसी यांना ऑस्कर मिळाले. ओमाहाचेच दिग्दर्शक अलेक्झांडर पेन यांनी आपले पहिले तीनही चित्रपट प्रामुख्याने त्या परिसरात केले.

धंदा नव्हता, हा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण त्यात जॉर्ज जॉन्सन पुसले जातात. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या पहिल्या चित्रसंस्थांपैकी एक असलेली लिंकन मोशन पिक्चर कंपनी 1916 साली उभी राहिली. तिचे चित्रपट लॉस एंजेलिसमध्ये तयार होत. परंतु ते कोणत्या शहरात, कोणत्या चित्रगृहात लावायचे याची व्यवस्था जॉर्ज जॉन्सन ओमाहातून, टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, पत्रव्यवहाराने पाहत असत. 1918 साली त्यांनीच कृष्णवर्णीय लेखक ऑस्कर मिशो यांच्याकडे त्यांच्या ‘द होमस्टेडर’ या कादंबरीचे चित्रपट-हक्क मागितले. मिशो यांनी शेजारच्या साउथ डकोटात शेती केली होती. दिग्दर्शन स्वतःच करण्याचा मिशो यांचा हट्ट होता. बोलणी फिसकटली, आणि मिशो यांनी 1919 साली तो चित्रपट स्वतः काढला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. लिंकन कंपनी लवकरच बंद पडली. जॉन्सन यांनी जपलेली पत्रे आणि कात्रणे आज लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत.